पायाच्या मुंग्यांचे कारण आधी, पथ्य नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पायांची आग आणि हातापायांच्या मुंग्या यांवरचे घरगुती उपाय सतत फिरत असतात. उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या, मेथीचे पाणी, हळदीचे दूध, दालचिनीचा काढा, ‘नस मोकळी करणारे’ चूर्ण. यातले काही उपयोगाचे आहे, काही निरुपद्रवी आहे आणि काही सरळ घातक आहे. या सगळ्या संदेशांत एक प्रश्न मात्र कुठेच नसतो: मुंग्या कशामुळे येत आहेत? आहाराने मज्जातंतूंचा त्रास कमी होतो, काही जणांचा पूर्ण थांबतो, याविषयी आम्हाला शंका नाही. पण तो गुण कारणाला धरून ठरवलेल्या आहाराचा असतो. कारण न शोधता खाल्लेला उत्तम पदार्थही महिने फुकट घालवतो, आणि त्या महिन्यांत तंतूंची हानी पुढे सरकत राहते. म्हणून हे सविस्तर पत्र.

पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू कमरेच्या मणक्यांतून निघतात. त्यांची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. इतक्या लांबच्या टोकापर्यंत पोषण पोचवणे शरीराला सर्वांत अवघड, त्यामुळे वाढलेली साखर, जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दारू यांचा फटका आधी बोटांच्या टोकांना बसतो. दोन्ही पायांत सारखाच, मोजे घातल्यासारखा बधिरपणा, रात्री अंथरुणावर तळव्यांची आग, चादरीचा स्पर्शही नकोसा होणे, चालताना चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही या त्रासाची ओळख. तो वर चढत गुडघ्याच्या आसपास आला की हाताची बोटे धरतो. कमरेतून एकाच पायात उतरणारी कळ वेगळी, ती बहुधा मणक्यातल्या दाबाची असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन हात झटकावा लागत असेल तर नस मनगटात दबलेली असण्याची शक्यता जास्त. या दोन्हींवर वाटीभर जवस खाल्ले तरी काही होत नाही.

दोन्ही पायांचा त्रास असेल तर पहिल्या फेरीत एवढ्या तपासण्या पुरतात: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा), हिमोग्राम, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. यात एक क्रम फार महत्त्वाचा आहे. बी-१२ चे रक्त गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी द्यावे. केमिस्टकडून ‘नसांची गोळी’ आणून आठवडाभर घेतली आणि मग लॅब गाठली, तर आकडा फुगलेला येतो. मूळ कमतरता किती होती हे मग शोधता येत नाही. रिपोर्टमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता स्पष्ट आहे. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. लॅबच्या छापील मर्यादेत बसतो म्हणून पुष्कळ जण तो ‘नॉर्मल’ समजून फाइलमध्ये ठेवतात. लक्षणे असतील तर अशा वेळी डॉक्टरांना होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्लाच्या तपासणीबद्दल विचारावे. पेशींना बी-१२ खरोखर कमी पडत असेल तर हे दोन्ही वाढतात. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही ते वाढतात, म्हणून क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच ते वाचायचे.

बी-१२ वर आम्ही जास्त लिहितो आहोत, कारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते आणि वेळेवर भरून काढली तर त्रास परतवता येतो. प्रौढ माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. धान्य, डाळी, भाज्या आणि फळांत ते नसतेच. मोड आलेल्या कडधान्यांत नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठात भरवशाचे नाही. स्पिरुलिनाच्या डब्यावर बी-१२ लिहिलेले असले तरी त्यातला बहुतेक भाग शरीराला न चालणाऱ्या प्रकारचा असतो. शाकाहारी माणसाला उरते दूध, दही, ताक आणि पनीर. दुधात दर १०० मिलिलिटरला साधारण ०.४ मायक्रोग्रॅम धरा. म्हणजे दिवसाची गरज दुधावर भागवायची तर अर्धा लिटरच्या पुढे जावे लागते, आणि तेही पुनःपुन्हा न उकळता, कारण उकळण्यात काही भाग नष्ट होतो. दोन वेळच्या चहातले दूध आणि जेवणातले पाणीदार ताक मिळून हा हिशेब जुळत नाही. ‘आम्ही रोज दूध घेतो’ या वाक्याचा अर्थ पुष्कळ घरांत शंभर मिलिलिटर एवढाच निघतो.

मांसाहारी घरेही निश्चिंत नसावीत. चिकनमध्ये बी-१२ अगदी थोडे असते, १०० ग्रॅमला ०.३ च्या आसपास. आठवड्यातून दोनदा चिकन खाऊन गरज भागत नाही. अंड्यातले बी-१२ मुख्यतः पिवळ्या भागात असते आणि शोषलेही कमी जाते. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने बलक टाकून पांढरे खाणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. मटण बरे. सर्वांत चांगले आपल्या खाडीकाठचे खाणे: बांगडा, तारली, तिसऱ्या. दिवाळे गावातल्या किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणीकडे मिळणारा मध्यम बांगडा कालवणात घातला तर एका माणसाची दिवसाची गरज भागून वर उरते. आगरी-कोळी घरांत हे जेवण रोजचे होते. नव्या पिढीच्या ताटात त्याची जागा चिकन लॉलीपॉपने घेतली, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुक्या मासळीवर सगळा भार टाकणाऱ्यांनी रक्तदाब असेल तर तिच्यातल्या मिठाचा विचार करावा, मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी.

खाल्लेले शोषले जाते का, हा पुढचा प्रश्न. जठरात तयार होणारे एक प्रथिन बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेते. एका जेवणात ही वाट दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकते, म्हणून दूध-दही किंवा मासे एकदम खाण्यापेक्षा दिवसात दोन-तीन वेळा विभागून खाणे जास्त फायद्याचे. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षे घेणाऱ्या मधुमेहींत हे शोषण मंदावते. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी दोन वर्षांहून जास्त रोज घेणाऱ्यांतही तेच घडते, कारण अन्नातून बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. या दोन्ही गोळ्या एकत्र चालू असलेल्या आणि वरून शाकाहारी असलेल्या माणसाने दर वर्षी बी-१२ तपासावे. पायाला मुंग्या आल्या की अशा माणसाला ‘शुगरमुळे होतंय’ असे सांगून मोकळे होणे चूक आहे, निम्मे कारण बी-१२ चे असू शकते आणि ते निम्मे दुरुस्त होण्यासारखे असते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करायची नाही. कमतरता भरून काढत ती चालू ठेवता येते.

आकडा २०० च्या खाली गेला असेल तर दूध-मासे पुरे पडत नाहीत, औषधच लागते. १००० मायक्रोग्रॅमची गोळी एवढी मोठी का, असे बरेच जण विचारतात. वर सांगितलेली वाट बंद असली तरी सुमारे एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे हजारातून दहा. तेवढे बहुतेकांना पुरते. इंजेक्शन द्यायचे की गोळी हे लक्षणांच्या तीव्रतेवर डॉक्टर ठरवतात. सुधारणेचा वेग आधी समजून घ्यावा: रक्तातला दोष काही आठवड्यांत भरून येतो, मुंग्या आणि बधिरपणा ओसरायला तीन ते सहा महिने, कधी वर्ष लागते. पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात, आणि ‘गोळीने उलट त्रास झाला’ म्हणून उपचार सोडले जातात ते इथेच. बी-१२ न तपासता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी हिमोग्लोबिन सुधारते, रिपोर्ट चांगला दिसतो आणि तंतूंची हानी आतून चालूच राहते.

आता साखर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर मांडली गेली. तंतूंना इजा होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. १९९३ साली अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहींची साखर काटेकोर सांभाळल्यावर तंतूंचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या मधुमेहात, एवढा मोठा फायदा दिसत नाही. तिथे वजन, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबीही सांभाळावी लागते. तरी पुढची हानी रोखण्याचा रस्ता तोच आहे.

ताटाचे गणित असे ठेवावे. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात घट्ट वरण, उसळ, मासा किंवा पनीर, उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात यांपैकी एकच. मध्यम फुलक्यात १८ ते २० ग्रॅम कर्बोदके धरा, मुठीएवढ्या पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३५ ते ४०, वाटीभर शिजलेल्या भातात ३० ते ३५. भाकरी पौष्टिक म्हणून तीन खाल्ल्या तर शंभरी ओलांडते, आणि ज्वारी असली तरी ती साखरच वाढवते. नाचणीचेही तसेच. भाकरी ठीक, पण बारीक दळलेल्या नाचणीची पातळ पेज किंवा सत्त्व भराभर पचते आणि साखर उंच उडते. खाण्याचा क्रमही कामाचा आहे. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा मासा, भात शेवटी, एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे. रात्री साडेनऊच्या लोकलने घरी येऊन दहाला जेवणाऱ्यांना हे जड जाते. त्यांनी निघण्यापूर्वी मूठभर भाजलेले चणे किंवा एक उकडलेले अंडे खावे आणि रात्रीचा भात-पोळीचा वाटा निम्मा करावा. स्टेशनबाहेरचा वडापाव हा मैदा, बटाटा आणि तळण एकत्र असलेला घास आहे, भूक भागवण्यासाठी तो रोजचा होऊ नये.

उपवासाबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र या दिवसांत मधुमेहींची साखर हमखास बिघडते ती उपाशी राहिल्याने नव्हे, साबुदाण्याने. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ६५ ग्रॅमच्या आसपास निव्वळ पिष्ट असते, प्रथिने जवळजवळ शून्य. वर बटाटा आणि चिमूटभर साखर. त्याऐवजी वरीच्या तांदळाची अर्धी वाटी, दाण्याची आमटी, काकडीची खमंग कोशिंबीर आणि दही असा उपवास करावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांना आधी विचारून ठरवावी. गूळ, मध, खजूर यांना ‘नैसर्गिक’ म्हणून सूट देऊ नये. गुळाने साखर वाढत नाही ही समजूत चुकीची आहे.

एक धोका मात्र फारसा कुणी सांगत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांत दोन अंकांहून जास्त खाली खेचला, मग तो कडक पथ्याने असो की औषधाने, तर काहींच्या पायांची आग अचानक भयंकर वाढते. साखर बरेच दिवस चढलेली असताना ती झपाट्याने उतरली की बारीक तंतूंना हा झटका बसतो. अकरा-बारावर असलेला आकडा महिना-दीड महिन्यात सहावर आणण्याची ‘चॅलेंज’ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हळूहळू उतरवणेच सुरक्षित.

थायामिन म्हणजे बी-१ आपल्या स्वयंपाकघरात दोन जागी हरवते. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळात ते मुळात कमी, त्यात तो चार पाण्यांत चोळून धुतला आणि पेज ओतून दिली की उरलेलेही जाते. जुन्या कोकणी घरांतला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणपणाचा होता. साळ उकडताना कोंड्याजवळचे बी-१ दाण्यात आत मुरते आणि कांडल्यावरही टिकते. डच डॉक्टर क्रिस्तियान एइकमान यांना जावा बेटावर कोंबड्यांवरच्या निरीक्षणातून पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरीतला पायांचा लुळेपणा यांचा संबंध दिसला, त्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले. दुसरी जागा खाण्याच्या सोड्याची. छोले, वाटाणे, राजमा लवकर शिजावेत म्हणून टाकलेल्या चिमूटभर सोड्याने बी-१ नष्ट होते. कडधान्य आठ-दहा तास चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात भिजवावे, ते पाणी काढून कुकरला लावावे, सोड्याची गरजच उरत नाही. रोज दारू घेणाऱ्यांत बी-१ ची कमतरता सर्वांत तीव्र असते, आणि दारू स्वतःही तंतू जाळते. अशा माणसाला पायाच्या आगीबरोबर चालताना तोल जाणे, नजर स्थिर न राहणे किंवा गोंधळल्यासारखे होणे दिसले तर आहाराच्या गोष्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कमतरतेइतकाच अतिरेकही नडतो. बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन हे त्याचे ठळक उदाहरण: कमी पडले तर मुंग्या, फार झाले तरी मुंग्याच. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड बी-६ खेचते, म्हणून त्या औषधाबरोबर डॉक्टर ते मोजून देतात. पण एकाच वेळी बी-कॉम्प्लेक्स, ‘नसांची’ गोळी, मल्टिव्हिटॅमिन आणि जिममधली पावडर घेणाऱ्याने चारही वेष्टनांवरचे पायरिडॉक्सिनचे मिलिग्रॅम मांडून बेरीज करावी. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. सुट्या मिळणाऱ्या काही गोळ्यांत एकट्याच शंभर असतात. जस्ताचेही असेच. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सुरू केलेली ५० मिलिग्रॅम झिंकची गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली तर तांबे शोषले जात नाही, आणि तांब्याच्या कमतरतेने बी-१२ सारखाच बधिरपणा आणि तोल जाणे सुरू होते. बी-१२ चा रिपोर्ट चांगला असूनही त्रास वाढत असेल तर झिंकची आठवण करावी. ड जीवनसत्त्वाचे ६० हजार युनिटचे सॅशेही ठरलेल्या आठवड्यांपलीकडे चालू ठेवू नयेत, रक्तातले कॅल्शियम वाढते.

आता संदेशांतल्या वस्तूंविषयी. मेथीतला चिकट चोथा साखरेचे शोषण मंदावतो, एक चमचा दाणे रात्री भिजवून सकाळी चावून खाणे ठीक. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. कारल्याचा रस आणि साखर उतरवणारी गोळी एकत्र झाली की साखर फार खाली जाऊ शकते. दालचिनी म्हणून बाजारात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसिया या वेगळ्या जातीची असते. तिच्यातले कुमारिन रोज चमचाभर पोटात गेले तर यकृताला त्रास देते, मसाल्यातल्या तुकड्याने काही होत नाही. जवसाचा एक मोठा चमचा, साधारण दहा ग्रॅम, यात ओमेगा-३ चा वनस्पतीजन्य प्रकार दोन ग्रॅमच्या वर असतो. शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलते, तरी शाकाहाऱ्यांसाठी तो घ्यावा. अख्खे जवस न पचता बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, पूर्ण गार करून, लसूण, सुकी मिरची आणि मिठाबरोबर भरड वाटावेत. एका वेळी पंधरवड्यापुरतीच चटणी करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी, तेल खवट झाले की फायदा गेला.

हळदीवर दोन शब्द जास्त. तिच्यातले कर्क्युमिन वजनाच्या सुमारे तीन टक्के, आणि तेही कमी शोषले जाते. हळदीच्या दुधाने पायाची आग थांबेल अशी अपेक्षा धरू नये. पण हळद कोणती आहे याला फार महत्त्व आहे. पिवळा रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळले जाते, आणि शिसे हे तंतूंचे विष आहे. हळकुंड ग्लासभर पाण्यात टाकल्यावर पाणी लगेच झगझगीत पिवळे झाले तर संशय घ्यावा. वाशीच्या मसाला बाजारातून हळकुंडे आणून, धुऊन वाळवून दळून घेणे हा जुना मार्ग आजही चांगला. याच कारणाने, पुडीवर घटक, बॅच आणि उत्पादक काहीही नसलेले चूर्ण किंवा भस्म ‘नसांसाठी’ घेऊ नये. अशा पुड्यांत शिसे, पारा, कधी स्टेरॉइड सापडले आहे. स्टेरॉइडने चार दिवस बरे वाटते आणि साखर आकाशाला भिडते.

तिखट खाल्ल्याने वेदना कमी होतात असाही समज आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा उपयोग ठरलेल्या प्रमाणाच्या मलमातून, डॉक्टरांच्या सल्ल्याने होतो. ठेचा खाऊन किंवा तळव्यांवर मिरची चोळून नाही. गॅबापेंटिन हे तंतूंच्या वेदनेवरचे औषध चालू असलेल्यांनी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे ॲसिडिटीचे औषध त्याच्यापासून दोन तास लांब ठेवावे, नाहीतर गोळी पूर्ण शोषली जात नाही.

हा सगळा आहार मूत्रपिंडाच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करू नये. त्यांच्यात पालेभाजी, नारळपाणी आणि डाळींतले पोटॅशियम जिवावर बेतू शकते. वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे, एकदम वाढवू नये.

बधिर पायांची निगा हा ताटाबाहेरचा विषय, पण तो सोडून पुढे जाता येत नाही. आग होते म्हणून गरम पाण्यात पाय बुडवले जातात. भाजलेले कळत नाही आणि फोड येतात. बर्फानेही तेच. पाणी कोपराने तपासावे, पायाने नव्हे. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, घरातही अनवाणी फिरू नये. पावसाळ्यात सखल भागात साचलेल्या पाण्यातून चालताना लागलेली काच अशा पायाला कळत नाही, आणि जखमेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संसर्ग होऊ शकतो. घरी आल्यावर साबणाने धुऊन पाय तपासावेत, जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

तुर्भे, महापे, रबाळेच्या एमआयडीसीत छपाई, चिकटवण्याचे गोंद, रंगाचे द्रावक अशा कामांत असलेल्यांनी डॉक्टरांना आपले काम सांगावे. एन-हेक्झेन या द्रावकाने हातापायांचे तंतू खराब होतात, ते थांबवायला हवा खेळती ठेवावी लागते, आहाराने ते थांबत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर व्यंग येत नाही. जुलाब किंवा तापानंतर काही दिवसांतच पायांतली ताकद वर-वर जात कमी होऊ लागली तर तो गिलियन-बारे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच तंतूंवर उलटण्याचा आजार, असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात याचीच साथ आली होती. एका बाजूचा अचानक लुळेपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाचा बधिरपणा, यांपैकी काहीही झाले तर थेट तातडीच्या विभागात जावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन्ही महापालिकांना आमची एक विनंती आहे. प्रभागांत भरणाऱ्या मधुमेह शिबिरांत बोटाच्या थेंबातून साखर पाहताना पायमोजेही काढायला लावावेत. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याच्या ठरलेल्या जागी टेकवून ‘लागतंय का’ विचारायला आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवायला माणशी पाच मिनिटे लागतात, साहित्याचा खर्च किरकोळ आहे आणि परिचारिकेला हे एका दिवसात शिकवता येते. ज्यांना धागा जाणवत नाही आणि जे चार वर्षांहून जास्त मेटफॉर्मिनवर आहेत, त्यांची बी-१२ तपासणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत विनामूल्य व्हावी. खासगी लॅबमधला या तपासणीचा खर्च परवडत नाही म्हणूनच लोक आधी गोळी घेतात.

आपल्या,
दोन आहारतज्ज्ञ,
नौपाडा (ठाणे) आणि नेरुळ (नवी मुंबई)